दोन इंची गोल आरसा: ट्रकशेजारून जाताना कितपत कामाचा?

कारच्या बाजूच्या आरशावर चिकटवायचा छोटा, फुगीर काचेचा गोल आरसा साताऱ्यात गाडीचं सामान विकणाऱ्या दुकानांत मिळतो. जोडी साधारण शंभर ते तीनशे रुपयांपर्यंत. "हा लावला की ब्लाइंड स्पॉट संपला," असं सांगून तो विकला जातो. ब्लाइंड स्पॉट म्हणजे कुठल्याच आरशात न दिसणारी जागा. तसा तो संपत नाही. तरीही पुणे-बंगळूर महामार्गावर शिरवळपासून पेठ नाक्यापर्यंत ट्रक, कंटेनर आणि एसटीच्या गर्दीतून गाडी काढणाऱ्यानं तो लावावाच. फक्त त्याला एकच विचारायचं: बाजूला कोणी आहे का? किती लांब आहे, हे त्याच्या भरवशावर ठरवायचं नाही. काच फुगीर असल्यामुळे त्यात जास्त रस्ता मावतो, पण त्याच कारणानं अगदी जवळचा ट्रकही काडेपेटीएवढा आणि लांब दिसतो.

खरा उपयोग ट्रकच्या मागून बाहेर पडताना होतो. साठच्या वेगानं चाललेला बारा मीटरचा ट्रक ऐंशीनं ओलांडायचा, तर वेगातला फरक सेकंदाला जेमतेम साडेपाच मीटर. मागचे 20 मीटर, ट्रकचे 12, पुढचे 20 आणि आपल्या गाडीचे 4 धरले, तर दहा सेकंद लागतात आणि तेवढ्यात आपण 220 मीटर पुढे गेलेलो असतो. एवढा वेळ उजवी लेन आपल्याला मोकळी हवी. मागून येणारी मोटरसायकल मोठ्या आरशातून निसटते आणि खिडकीत दिसायच्या आधी क्षणभर कुठेच नसते. गोल आरशात ती नेमकी तेव्हा सापडते. इंडिकेटर, मोठा आरसा, गोल आरसा, खांद्यावरून एक नजर, मगच स्टिअरिंग.

ट्रक ओलांडून परत डावीकडे येताना मात्र ट्रक किती मागे पडला, हे गोल आरशावरून ठरवूच नका. त्यात ट्रक मागे पडल्यासारखा वाटतो आणि नेमका तिथेच कट बसतो. आतल्या आरशात ट्रकचे दोन्ही हेडलाइट आणि खालचा रस्ता दिसला की डावीकडे या. भरलेल्या ट्रकला थांबायला कारपेक्षा बरंच जास्त अंतर लागतं, त्याच्या पुढ्यात घुसून ब्रेक मारणं म्हणजे जीव त्याच्या हवाली करणं.

आणि हा आरसा ट्रकवाल्याला काय दिसतं ते सांगत नाही. त्याच्या क्लीनर साइडला, म्हणजे डाव्या बाजूला, केबिनच्या दाराशी, आख्खी कार लपते. त्याच्या आरशात त्याचा चेहरा दिसत नसेल, तर त्यालाही तुम्ही दिसत नाही. खंबाटकी घाट चढताना ट्रक रांगत असतात, तिथे डावीकडच्या फटीतून पुढे जायचा मोह फार होतो. तो टाळा. नाक्यावरही लांब गाडी डावीकडे वळायच्या आधी उजवीकडे फाकते. डावीकडे मोकळी झालेली ती जागा तुमच्यासाठी सोडलेली नसते, तिची मागची चाकं तिथूनच आत येतात.

घेताना खऱ्या काचेचा, बिनफ्रेमचा घ्या. प्लास्टिकवर पुसून पुसून चरे पडतात. फिरवता येणाऱ्या आरशाचा सांधा ढिला झाला की खराब रस्त्यावर चित्र थरथरतं. आधी मोठे आरसे नीट लावा: आपल्या गाडीची कड त्यात जेमतेम दिसली पाहिजे. मग वरच्या बाहेरच्या कोपऱ्यात गोल आरसा ठेवून बघा. तिथे बहुधा आभाळच दिसत असतं, म्हणून कामाची जागा वाया जात नाही. काच स्पिरिटनं पुसा, पूर्ण वाळू द्या, चिकटपट्टी सोलून अर्धा मिनिट दाबून धरा आणि एक दिवस गाडी धुऊ नका. आठवड्यात गळून पडणारे आरसे बहुतेक धुळीवर किंवा ओल्या काचेवर चिकटवलेले असतात.

पावसात हा आरसा कमी पडतो. पुढच्या ट्रकचा फवारा उडाला की एका थेंबाआड पूर्ण मोटरसायकल जाते. दारात सुती फडकं ठेवा. गळीत हंगामात अंधारात समोर उसाची ट्रॉली आली, तर कुठलाच आरसा उपयोगाचा नाही: लोंबणाऱ्या उसाआड मागचे दिवे आणि लाल रिफ्लेक्टर पट्टी झाकली जाते. तिथे दिवे खाली, वेग कमी आणि निदान चार सेकंदांचं अंतर. काचेला चरा गेला किंवा ती काळवंडली, की ड्रायरनं गरम करून नायलॉनच्या दोऱ्यानं आरसा कापून काढा आणि नवा लावा.