विद्यार्थ्याचं तिकीट की कॉलेजचा अभ्यासदौरा: ट्रॅव्हल एजंटने आधी काय हातात घ्यावं?

मे महिन्याची गर्दी ओसरली की दिवाळीच्या टूरपर्यंत बऱ्याच ट्रॅव्हल ऑफिसांत शुकशुकाट असतो. परदेशी शिकायला जाणारी मुलं नेमकी याच काळात निघतात. अमेरिकेचं सत्र ऑगस्टच्या उत्तरार्धात सुरू होतं, ब्रिटनचं सप्टेंबरात, जर्मनीचं हिवाळी ऑक्टोबरच्या सुमारास. त्यामुळे हे काम घ्यावंच. प्रश्न शिरायचं कुठून, एवढाच. शिक्षण सल्लागार पाठवतात ते एकेकटे विद्यार्थी, की दहा-पंधरा दिवसांच्या अभ्यासदौऱ्याला जाणारा कॉलेजचा गट?

एकट्या विद्यार्थ्याच्या तिकिटात सुटतं थोडं. एअरलाइनच्या कमिशनवर भागत नाही, स्वतःची फी लावावी लागते. जोखीम मात्र आटोक्यात राहते, कारण पैसे आधी येतात आणि तिकीट नंतर निघतं. व्हिसा हातात येण्याआधी तिकीट काढू नका. फारच घाई असेल तर परतावा मिळणारं भाडं घ्या. विद्यार्थी भाड्यात दोन हजार कमी झाले की पालक खूश होतात, पण खरी किंमत तारीख बदलायच्या सवलतीला आणि जादा बॅगेला असते. विद्यार्थी भाड्याची ही सवलत बुकिंग करतानाच टाकावी लागते. चेक-इनला कॉलेजचं पत्र मागतात, ते मुलाच्या हातातल्या पिशवीत हवं, सामानात नाही.

चुका होतात त्या तारखेत आणि जोडविमानात. एफ-१ या अमेरिकेच्या विद्यार्थी व्हिसावर, आय-२० (अमेरिकन कॉलेज देतं ते प्रवेशाचं प्रमाणपत्र) मधल्या सुरुवातीच्या तारखेआधी ३० दिवसांपेक्षा लवकर अमेरिकेत शिरता येत नाही. ब्रिटनमध्ये सहा महिन्यांपेक्षा मोठ्या कोर्सला महिनाभर आधी जाता येतं, त्याहून लहान कोर्सला आठवडाभरच. मुंबई-फ्रँकफर्ट-शिकागो आणि पुढे एखादं छोटं शहर असा प्रवास असेल, तर शिकागोला इमिग्रेशन, बॅगा उचलणं, कस्टम्स आणि बॅगा पुन्हा देणं हे सगळं येतं. सिस्टिम दीड तासाचं कनेक्शन दाखवते. पहिल्यांदा जाणाऱ्याला तीन तास द्या. अबुधाबीमार्गे गेलं तर अमेरिकेची तपासणी तिथेच उरकते. दोन वेगळ्या पीएनआरची (बुकिंग क्रमांकांची) स्वस्त जोडी टाळाच. पहिलं विमान लेट झालं की दुसरं तिकीट बुडतं, आणि बॅग घ्यायला बाहेर पडायचं तर मधल्या देशाचा व्हिसाही लागू शकतो.

कॉलेजच्या गटात रक्कम मोठी. साधारण दहा जणांपासून गटाचं भाडं मिळतं, नावं नंतर दिली तरी चालतात. पण एअरलाइनला डिपॉझिट आज भरायचं आणि कॉलेजचा चेक मंजुरी-सहीच्या फेऱ्यांतून कधी येईल याचा भरवसा नाही. तेवढे दिवस भांडवल तुमचं अडकतं. मुलं गळतात, तेव्हा डिपॉझिट कोणाचं जाणार हे आधीच लेखी ठरवा.

कराचाही फरक आहे. नुसत्या विमान तिकिटावर टीसीएस (विक्रेत्याने ग्राहकाकडून वसूल करून सरकारला भरायचा आयकर) नाही. तिकिटासोबत हॉटेल दिलं की ते परदेश टूर पॅकेज ठरतं आणि टीसीएस लागतो. दर बजेटमध्ये बदलतात, कोटेशनच्या दिवशीचा बघा. पॅन कॉलेजचा की मुलांचा, हेही तेव्हाच विचारा. बऱ्याच मुलांकडे तो नसतोच.

शेंगेन देशांत (एकाच व्हिसावर फिरता येतात त्या युरोपीय देशांत) गट न्यायचा असेल तर एक गोष्ट कॉलेजला आवर्जून सांगा. शिक्षणासाठी जाणारे विद्यार्थी आणि सोबतचे शिक्षक यांना व्हिसा फी माफ असते. व्हिसा केंद्राचा सेवा आकार तेवढा भरावा लागतो. त्यासाठी कॉलेजच्या लेटरहेडवर अभ्यासाचा हेतू स्पष्ट हवा. 'सहल' हा शब्द पत्रात आला की घोटाळा. अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो, विमा किमान ३०,००० युरोचा लागतो.

दोन-तीन माणसांच्या ऑफिसने आधी एकेकटे विद्यार्थी घ्यावेत. तो मुलगा डिसेंबरच्या सुट्टीला परततो आणि पदवीदानाला आई-वडील तुमच्याकडूनच तिकीट काढतात. गटाचं तसं नाही, पुढच्या वर्षी कॉलेज पुन्हा तीन कोटेशन मागवतं. सल्लागाराशी वाटा बिलावर ठरवा. विद्यार्थ्याच्या बँक स्टेटमेंटच्या आणि प्रवेशाच्या कागदांना हात लावू नका.

आणि गट घेतलाच, तर कॉलेजने पाठवलेल्या एक्सेलवरून नावं भरू नका. तिथे 'पाटील अमेय सुरेश' असं असतं, पासपोर्टवर आडनाव वेगळ्या रकान्यात. नावं उलटी पडली तर तिकीट निघाल्यावर दुरुस्तीचा खर्च प्रत्येक नावामागे तुमच्याच अंगावर येतो. प्रत्येकाच्या पासपोर्टची प्रत मागवा आणि फोटोच्या पानावर तळाशी असलेल्या, यंत्राने वाचायच्या दोन ओळी बघूनच टाइप करा.