विल्सनचा ट्रिमर आणि इम्पिरियलचं वॅक्स, .३०८ रायफलच्या पुंगळ्यांवर दोन वर्षं वापरून

इथे टेक्सासमध्ये घरी काडतुसं भरणारे आपले दोन-चार मराठी लोक भेटले रेंजवर, सगळे एकच विचारतात, पुंगळ्या (फायर झालेल्या काडतुसाच्या रिकाम्या पितळी नळ्या) ट्रिम कशाने करतोस, म्हणजे वाढलेली लांबी कशाने कापतोस, आणि लूब, म्हणजे वंगण, कुठलं वापरतोस, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतोय.

आधी लूब, कारण सगळी रड तिथेच आहे. मी सुरुवातीला एका कंपनीचा स्प्रे घेतला होता, झटपट होतं म्हणून. फवारला आणि ओला असतानाच पुंगळी डायमध्ये, म्हणजे प्रेसवर बसवलेल्या, पुंगळी आवळून परत मापात आणणाऱ्या साच्यात, घातली, त्यातलं अल्कोहोल उडून जायला पाच-दहा मिनिटं द्यावी लागतात हे मला कुणी सांगितलं नव्हतं. तिसरी की चौथी पुंगळी आत गेली ती गेलीच, लिव्हर वर ओढला तर बुडाची कड फाटून शेल होल्डरमध्ये, म्हणजे प्रेसवर बुड धरणाऱ्या खाचेत, राहिली आणि बाकीचं पितळ डायमध्ये गच्च. मग डीकॅपिंग रॉड (बुडातला वापरलेला प्रायमर ढकलून काढणारी सळई) मागे घेऊन बुडाला ड्रिल मारा, टॅप फिरवून आटे पाडा, बोल्ट लावून खेचून काढा, अख्खी संध्याकाळ गेली आणि डायला ओरखडा तर पडला नाही ना या धाकधुकीत झोप नाही.

त्यानंतर रेडिंगचं इम्पिरियल सायझिंग डाय वॅक्स आणलं आणि विषय संपला. छोटी डबी असते, बुटाच्या पॉलिशसारखी. त्यावर बोटाची टोकं नुसती टेकवायची आणि पुंगळी दोन बोटांत फिरवायची, बुडाकडच्या भागावर जरा जास्त लक्ष द्यायचं कारण डाय तिथेच जोरात आवळते. एकदा बोट लावलं की तीन-चार पुंगळ्या निघतात. लिव्हर लोण्यातून सुरी जावी तसा खाली येतो, खरंच. पण खांद्यावर, म्हणजे मान सुरू व्हायच्या आधीच्या उतारावर, लावू नका, तिथे जास्त झालं की वंगणाला जायला जागा नसते आणि पितळात खड्डा पडतो. मानेच्या आतूनही थोडं लागतं, मी कानात घालायची कापसाची काडी वापरतो, नाहीतर बाहेर येताना डायमधला, मान आतून मापात आणणारा एक्स्पांडर बॉल चिर्रर्र करून ओरडतो आणि मान ओढून लांब करतो. आणि लांबी वाढायचं एक मोठं कारण तेच तर आहे!

आता ट्रिमर. .३०८ विंचेस्टरच्या पुंगळीची जास्तीत जास्त लांबी २.०१५ इंच, ट्रिम करून आणायची २.००५ वर. त्याहून लांब राहिली तर तोंड चेंबरच्या (रायफलमधल्या काडतूस बसायच्या जागेच्या) पुढच्या कडेला टेकतं, गोळी चिमटीत धरल्यासारखी होते आणि प्रेशर नको तेवढं चढतं, त्यामुळे "एवढ्याने काय होतंय" म्हणून सोडायची गोष्ट नाही ही.

वॉशिंग्टन राज्यातल्या कॅशमिअर गावच्या एल. ई. विल्सनचा हाताने फिरवायचा ट्रिमर मी घेतला. कोल्हापूरला शिरोली एमआयडीसीत लहानपणी वडिलांच्या लेथशेजारी बसून गेलोय, त्यामुळे हा हातात घेतला आणि लगेच ओळखीचा वाटला, छोटा लेथच आहे. दोन गुळगुळीत दांड्या, एका टोकाला कटर, आणि पुंगळी एका टेपरच्या होल्डरमध्ये बसते. बुड पकडत नाही, अंग पकडतो, म्हणून तोंड कटरसमोर अगदी काटकोनात येतं. होल्डरमध्ये पुंगळी ठेवून लाकडी हातोडीने हलकी टिचकी, हँडल पाच-सहा वेळा फिरवायचं, पितळाचा बारीक सोनेरी भुगा पडतो, कटरचा आवाज बारीक होऊन थांबला की झालं, उलटी टिचकी मारून बाहेर. परवा पन्नास केल्या आणि डिजिटल कॅलिपरने सगळ्या मोजल्या, एका थाऊच्या (इंचाच्या हजाराव्या भागाच्या) आत सगळ्या! वडिलांना व्हिडिओ कॉलवर दाखवलं तर म्हणाले फेसिंग (टोक सपाट कापणं) चांगलंय, आमच्या घरात याहून मोठी पावती नाही.

क्रम मात्र चुकवू नका, आधी डायमध्ये सायझिंग, मगच ट्रिम, कारण सायझिंगमध्येच पितळ पुढे सरकून लांब होतं. आणि मध्ये वॅक्स पुसायचं, मी रबिंग अल्कोहोल लावलेल्या सुती फडक्याने पुसतो. वॅक्स तसंच राहिलं तर पुंगळी होल्डरमध्ये फिरते, शिवाय तेलकट पुंगळी फायर करताना चेंबरच्या भिंतीला धरत नाही आणि जास्त जोर मागे रायफलच्या बोल्टवर, म्हणजे चेंबर मागून बंद करणाऱ्या भागावर, येतो. ट्रिमनंतर तोंडाची कड आतून चॅम्फर, म्हणजे जराशी तिरकी, करायची, बाहेरून बर, म्हणजे कापताना राहिलेली धारदार कड, काढायची, नाहीतर गोळी बसवताना तिचं तांब्याचं कव्हर खरवडतं.

वेग हवा असेल तर हा ट्रिमर तुमच्यासाठी नाही, पन्नासला माझा आरामात तास जातो. शेकड्याने .२२३ रायफलच्या पुंगळ्या करणाऱ्यांनी ड्रिलला लावायचा ट्रिमर बघावा. गावाकडचे मित्र विचारतात आम्ही पण करू का, तर त्यांची .२२ ची काडतुसं रिमफायर असतात, म्हणजे पेटवणारा मसाला बुडाच्या कडेतच असतो, ती सहसा परत भरता येत नाहीत.

ऑर्डर करताना एक बघा, होल्डर वेगळा घ्यावा लागतो आणि प्रत्येक कॅलिबरचा निराळा. काही कॅलिबरमध्ये नव्या पुंगळीचा आणि फायर केलेल्या पुंगळीचा असे दोन प्रकार येतात, तेवढं नीट वाचून मागवा.