पेटी आमची, आंबा कर्नाटकचा

स्टॉलवर हापूस घेणाऱ्यांनी हे वाचावंच, पण थेट विक्री करणाऱ्या बागायतदारांनी जास्त लक्ष देऊन वाचावं.

आमची बाग देवगड तालुक्यात. पुण्यातल्या गिऱ्हाइकांना पेट्या परस्पर जातात. खोक्यावर आमचं नाव, गाव, फोन नंबर. गेल्या हंगामात त्या नंबरवर अनोळखी लोकांचे फोन येऊ लागले. साल जाड, वास नाही, चव तर नाहीच. 'देवगडच्या नावाखाली काय खपवता हो?' एका बाईंनी सरळ सुनावलं. फोटो मागवले. खोकं आमचंच, आत सिंधुदुर्गातलं वर्तमानपत्रसुद्धा. फळ मात्र आमचं नव्हतं.

पुण्यातल्या भाच्याने माग काढला. लोक रद्दीत देतात ती आमची रिकामी खोकी एक स्टॉलवाला विकत घ्यायचा आणि त्यात कर्नाटकचा आंबा भरायचा. वरच्या थरात दोन-चार फळं अस्सल देवगडची, म्हणजे पेटी उघडताच घमघमाट. भाव आमच्यापेक्षा थोडासाच कमी, कारण फार स्वस्त दिलं की गिऱ्हाईक बिचकतं. भाच्याने जाब विचारला तर म्हणाला, 'खोकं पैसे मोजून घेतलंय!'

कर्नाटकच्या शेतकऱ्यावर माझा राग नाही. त्याचा आंबा त्याच्या नावाने, त्याच्या भावाने खुशाल विका. पण फुलकिड्यांवर फवारण्या आम्ही मारायच्या, मोहोर गळला की कर्ज आम्ही काढायचं, आणि आमच्या नावावर पैसा या गड्याने करायचा?

हापूसला 2018 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, म्हणजे हे नाव ठरलेल्या भागातल्या आंब्यालाच लावता येतं. रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर हे त्याचे जिल्हे. मानांकनाचं नाव खोटं लावून माल विकला तर 1999 च्या कायद्यात 6 महिने ते 3 वर्षं कैद आणि 50 हजार ते 2 लाख रुपये दंड आहे. कायदा कडक, पण आंबा खाऊन संपला की पुरावाही संपला. म्हणून पक्कं बिल मागा, आणि शंका आली तर फळं, खोकं, स्टॉल यांचे फोटो तिथल्या तिथे काढा.

देवगडच्या उत्पादक संस्थेने 2025 च्या हंगामापासून फळावर क्रमांकाचं स्टिकर आणलंय. त्याचा फोटो व्हॉट्सॲपवर पाठवला की स्टिकरखाली दडलेला क्रमांक कळतो. मग स्टिकर फाडून तो जुळवायचा. वरच्या फळाचं नको, तळातलं एखादं काढून तपासा. आणि रिकामं खोकं रद्दीत देण्याआधी छापलेली बाजू फाडून टाका. आम्ही आता तशी चिठ्ठीच पेटीत घालतो.