क्रूझ आधी, मधे की शेवटी? सिंगापूर-मलेशियाची सहल आखताना

सिंगापूर-मलेशियाची आठ-दहा दिवसांची सहल ठरली की तीन रात्रींची क्रूझ घ्यायची यावर आमच्या घरात लगेच एकमत होतं. मुलांना पूल आणि घसरगुंड्या हव्या असतात, सासूबाईंना रोज बॅगा भरायच्या नसतात, बाबांना, म्हणजे सासऱ्यांना, समुद्र बघत शांत बसायचं असतं. चर्चा लांबते ती पुढच्या प्रश्नावर. या तीन रात्री बसवायच्या कुठे? उतरल्या उतरल्या, मधे, की घरी निघायच्या आधी? टूर कंपन्यांच्या पत्रकांत तिन्ही प्रकार असतात आणि कागदावर तिन्ही सारखेच दिसतात. प्रत्यक्षात तसं नाही. आम्ही दोनदा गेलो, एकदा क्रूझ अगदी सुरुवातीला आणि एकदा मधल्या टप्प्यात. नणंदेच्या कुटुंबानं ती शेवटी ठेवली होती. त्या तीन अनुभवांवरून हे लिहिते आहे.

आधी एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. सहलीतलं बाकी सगळं पुढेमागे करता येतं. नाइट सफारी आजची उद्या होते, हॉटेलात रात्री अकराला पोचलात तरी खोली मिळते. जहाज मात्र थांबत नाही. सुटण्याच्या साधारण तास-दीड तास आधी चेक-इन बंद होतं, आणि ते चुकलं तर पैसे सहसा परत मिळत नाहीत. जहाजाचे सुटायचे वारही ठरलेले असतात, ते तुमच्या रजेप्रमाणे हलत नाहीत. म्हणून आधी जहाजाची तारीख धरायची आणि मग तिच्या दोन्ही बाजूंना दिवस मांडायचे.

उतरल्या दिवशीच जहाज

हा पर्याय मोहात पाडतो, आणि त्याला कारण आहे. मुंबईहून सिंगापूरला जाणारी बरीच विमानं रात्री सुटतात आणि साडेपाच तासांत, तिथल्या सकाळी पोचतात. घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास पुढे. हॉटेलची खोली दुपारी दोन-तीनशिवाय मिळत नाही. मग मधला वेळ कुठे काढायचा? विमानतळावरून थेट मरीना बे क्रूझ सेंटर गाठलं तर दुपारी जहाजावर जेवायला मिळतं आणि हॉटेलची एक रात्र वाचते. हिशेब अगदी सरळ वाटतो.

आमचं विमान पाच तास उशिरा निघालं. सकाळी साडेसातऐवजी दुपारी साडेबाराला उतरलो. इमिग्रेशन, सामान, दोन टॅक्स्या, आणि टर्मिनलवर पोचलो तेव्हा चेक-इन बंद व्हायला वीस मिनिटं होती. टॅक्सीत कोणी कोणाशी बोललं नाही. जहाज मिळालं, पण त्या दिवसाचं बाकी काही मला आनंदानं आठवत नाही. जहाज सुटण्यापूर्वी प्रत्येकाला सुरक्षेच्या सूचनांसाठी ठरलेल्या जागी हजेरी लावावी लागते. धाकटी तिथं माझ्या खांद्यावर झोपून गेली होती. डेकवर संगीत सुरू झालं, किनारा मागे सरकायला लागला, ज्या क्षणासाठी आलो होतो तो समोर होता, आणि आमच्यातले चौघं केबिनमध्ये गाढ झोपले होते.

आणखी एक गोष्ट त्या दिवशी शिकलो. टर्मिनलवर दिलेल्या मोठ्या बॅगा केबिनपाशी यायला संध्याकाळ होते. बाबांच्या रक्तदाबाच्या गोळ्या मोठ्या बॅगेत होत्या. रात्री आठला बॅग आली तोवर मी तीन वेळा लिफ्टपर्यंत जाऊन आले. औषधं, मुलांचे पोहायचे कपडे आणि एक बदलायचा जोड हातातल्या पिशवीतच ठेवा, क्रूझ कधीही असो.

उतरल्या दिवशीच्या जहाजाची माझी शिफारस कोणालाच नाही. सुरुवातीलाच क्रूझ हवी असेल तर एक रात्र आधी पोचा आणि त्या रात्रीचे पैसे निश्चिंतीसाठी मोजले असं समजा.

तसं केलं तरी दोन अडचणी उरतात. पहिली बोट लागण्याची. मलाक्काची सामुद्रधुनी सुमात्रा आणि मलेशिया यांच्यामध्ये आडोशाला आहे, त्यामुळे या मार्गावर समुद्र बहुतेकदा शांत असतो. पण ज्यांना घाटातल्या एसटीत त्रास होतो त्यांना पहिल्या रात्री थोडं जाणवतंच. डॉक्टरांना विचारून गोळी सोबत ठेवावी. सहलीच्या पहिल्याच दिवशी कोणी आडवं झालं की पुढच्या सगळ्या दिवसांवर त्याची सावली पडते. दुसरी अडचण मुलांची. आधी तीन दिवस पूल, खेळ, हवं तेव्हा आइस्क्रीम, आणि मग उन्हात चालत सिंगापूर बघायचं म्हटलं की ती कुरकुरतात. उलट क्रमानं हेच दिवस किती सोपे जातात हे आम्ही दुसऱ्या खेपेला पाहिलं.

घरी निघण्याआधी, अगदी शेवटी

नणंदेनं असं केलं, आणि तिच्या यजमानांना आजही तेच बरोबर वाटतं. त्यांचं म्हणणं मला समजतं. आठवडाभर पायपीट झाल्यावर कोणीतरी वाढून देणार, पलंग आवरून देणार, आणि खिडकीबाहेर नुसतं पाणी. क्वालालंपूरजवळच्या बटू केव्ह्जच्या २७२ पायऱ्या चढून आलेल्या गुडघ्यांना हे हवंच असतं. शिवाय सहा दिवस जो तो ‘इथं व्हेज काय आहे’ असं विचारत फिरलेला असतो. सिंगापूरहून सुटणाऱ्या जहाजांवर भारतीय प्रवासी भरपूर असतात, शाकाहारी जेवण नीट मिळतं आणि आधी कळवलं तर जैन जेवणाचीही सोय होते. घरातल्या बायकांचा निम्मा ताण तिथंच उतरतो.

तोटा आहे तो परतीच्या दिवशी. जहाज सकाळी बंदराला लागतं, पण हजारो माणसं गटागटानं उतरतात. आदल्या रात्री रंगीत चिठ्ठी लावून बॅग दाराबाहेर ठेवलेली असते आणि ती खाली हॉलमध्ये शोधावी लागते. दुपारचं विमान घेतलं असेल तर हा सगळा वेळ घड्याळाकडे बघत जातो. रात्रीचं घेतलं तर सगळं सामान घेऊन आख्खा दिवस काढायचा. नणंदेनं रात्रीचं घेतलं होतं आणि चांगी विमानतळावर सामान ठेवायची सोय वापरली. ती ठीक चालली. पण खरेदीनं फुगलेल्या सात बॅगा त्याआधी जहाजावर चढवल्या होत्या, केबिनमध्ये पलंगाखाली कोंबल्या होत्या आणि पुन्हा उतरवल्या होत्या. तिचं आवडतं वाक्य आहे, ‘खरेदी आधी आणि क्रूझ नंतर, हे परत नाही.’ केबिन लहान असते. दोन मोठ्या बॅगा उघडल्या की पाय ठेवायला जागा राहत नाही.

आजारपणाचाही विचार करायला हवा. सहलीच्या सातव्या-आठव्या दिवसापर्यंत एखाद्या मुलाला सर्दी-ताप येतोच. हॉटेलात असतो तर एक दिवस खोलीत काढता येतो. चेक-इनच्या वेळी तापलेलं मूल कडेवर असेल तर जहाजावरचे डॉक्टर विचारपूस करतात, आणि चढू द्यायचं की नाही हा निर्णय त्यांचा असतो.

मधे, पण जरा शेवटाकडे झुकलेली

दुसऱ्या खेपेला आम्ही अशी मांडणी केली. रात्रीच्या विमानानं निघून सकाळी क्वालालंपूर, तिथं तीन रात्री. चौथ्या दिवशी बसनं सिंगापूर, अंतर साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास, वेळ पाच-सहा तास. सिंगापुरात दोन रात्री. सहाव्या दिवशी दुपारी जहाज, तीन रात्री. नवव्या दिवशी सकाळी परत सिंगापूर, एक रात्र, आणि दहाव्या दिवशी संध्याकाळचं विमान.

या मांडणीचं मर्म त्या दोन हॉटेल-मुक्कामांत आहे. जहाजाच्या आधी आणि नंतर आम्ही सिंगापुरात एकाच हॉटेलात उतरलो. सहाव्या दिवशी सकाळी पाच मोठ्या बॅगा हॉटेलच्या सामानघरात ठेवल्या, पावती घेतली, आणि माणशी एक छोटी बॅग घेऊन निघालो. केबिनमध्ये ऐसपैस जागा. शेवटच्या सकाळी बॅग दाराबाहेर ठेवायची गरज नाही, आपली बॅग आपण ओढत पहिल्या गटात बाहेर. साडेनऊला हॉटेलात पोचलो तेव्हा खोली तयार नव्हती, पण आपल्याच बॅगा लॉबीत दिसल्यावर मुलांना घरी आल्यासारखं वाटलं. बुकिंग करतानाच हॉटेलला विचारून घ्या की तीन रात्री सामान ठेवाल का. दोन वेगवेगळी हॉटेलं घेतलीत तर हा फायदा हातचा जातो.

इलेक्ट्रिक किटलीसुद्धा त्या बॅगांतच राहिली, हे बरं झालं. पहिल्या खेपेला सासूबाईंची चहाची किटली जहाजाच्या तपासणीत काढून घेतली होती आणि उतरताना परत मिळाली. तापणारी उपकरणं, इस्त्री, एक्स्टेन्शन बोर्ड जहाजावर चालत नाहीत, आगीचा धोका असतो. घरी केलेले खाद्यपदार्थही बहुतेक ठिकाणी नेऊ देत नाहीत, सीलबंद पाकिटं चालतात. म्हणजे चकल्या आणि दशम्या क्वालालंपूर-सिंगापूरच्या दिवसांत संपवायच्या, आणि क्रूझ शेवटाकडे असली की त्या आपोआप संपतात.

खरेदी आम्ही शेवटच्या एका दिवसावर ठेवली. बसनं सीमा ओलांडताना सिंगापूरच्या बाजूला सगळं सामान उतरवून तपासणीतून न्यावं लागतं, त्यामुळे मलेशियातून हलक्या बॅगांनी निघालेलं चांगलं. शिवाय एकाच दुकानातली खरेदी १०० सिंगापूर डॉलरच्या वर असेल आणि ते दुकान परताव्याच्या योजनेत असेल, तर ९ टक्के जीएसटीमधला बराचसा भाग चांगीवर परत मागता येतो. बिलं ताजी आणि वस्तू हाताशी असतात.

या मांडणीचा खर्च खरा आहे. हॉटेलची एक रात्र जास्त लागते आणि एक दिवस रजाही जास्त. मला तो मोजावासा वाटतो, कारण जहाज मागे पडतं आणि त्यानंतर एक संपूर्ण संध्याकाळ मोकळी मिळते. बाबा त्या संध्याकाळी गार्डन्स बाय द बेच्या दिव्यांखाली गवतावर आडवे झाले. म्हणाले, आता कुठे पोचायचं नाही ना? नाही म्हटल्यावर त्यांनी चप्पल काढून उशाशी ठेवली.

जहाज कुठे थांबतं तेही पाहा

क्रूझ कुठे बसवायची हे तिच्या थांब्यांवरही ठरतं. काही तीन रात्रींच्या क्रूझ पोर्ट क्लांगला थांबतात. तिथून क्वालालंपूर रस्त्यानं तासाभराहून लांब. तुम्ही क्वालालंपूरला तीन दिवस राहूनच आलेले असाल तर त्या थांब्यात नवं काही नाही, बसमध्ये जाण्या-येण्यात दिवस जातो. असं असेल तर मलेशियाच्याच पेनांग बेटाला थांबणारी क्रूझ घ्या. जहाज जॉर्ज टाऊनच्या अगदी कडेला, स्वेटनहॅम धक्क्याला लागतं. २००८ पासून युनेस्कोच्या यादीत असलेलं जुनं शहर पायी बघता येतं. पाण्यावर खांब रोवून उभारलेली चिनी वस्ती, भिंतींवरची चित्रं, आणि लिट्ल इंडियात चहा. म्हाताऱ्या माणसांनाही दोन तासांत पुरेसं होतं. उलट तुमच्याकडे दिवस कमी असतील आणि क्वालालंपूर गाळायचं ठरलं असेल, तर पोर्ट क्लांगचा थांबा तेवढ्यापुरता उपयोगी पडतो.

व्हिसाचा मुद्दा तिन्ही पर्यायांत आहे, पण मधल्या पर्यायात तो जास्त महत्त्वाचा. जहाज सिंगापूरहून निघून सिंगापूरलाच परत येतं, म्हणजे तुम्ही देशाबाहेर जाऊन पुन्हा आत येता. व्हिसावर एकाहून अधिक वेळा प्रवेशाची परवानगी आहे का, हे हातात आल्याबरोबर वाचा. सिंगापूरचं आगमन-कार्ड ऑनलाइन भरायचं असतं, फी नसते, पोचायचा दिवस धरून आधीच्या तीन दिवसांत भरता येतं, आणि जहाजावरून परतताना ते पुन्हा भरावं लागतं. ते कुठल्या नेटवर भरायचं हे आधीच ठरवून ठेवा, कारण समुद्रात फोन एअरप्लेन मोडवर ठेवला नाही तर जहाजाच्या नेटवर्कचं बिल अंगावर येतं.

लहान बाळ किंवा गरोदर बाई सोबत असेल तर तारखा ठरवण्याआधीच कंपनीचे नियम वाचा. बहुतेक जहाजं सहा महिन्यांखालच्या बाळाला आणि साधारण २४ आठवड्यांच्या पुढच्या गरोदर बाईला घेत नाहीत.

महिन्याबद्दल एवढंच सांगते. आपल्या शाळांना मे महिनाभर सुट्टी असते, तर सिंगापूरच्या शाळांची वर्षाच्या मधली सुट्टी मेच्या अखेरीस सुरू होऊन जूनभर चालते. त्या काळात जहाजं स्थानिक कुटुंबांनी भरतात आणि दरही चढतात. मेच्या पहिल्या पंधरवड्यात, आणि शनिवार-रविवार टाळून मधल्या वारांची क्रूझ मिळाली, तर पुलापाशी खुर्ची मिळवायला सकाळी धावावं लागत नाही.

आणि रजा सहाच दिवसांची असेल तर? मग तीन रात्री जहाजावर घालवू नका. दोन रात्रींची क्रूझ असते, पण त्यातली पहिली दुपार चढण्यात आणि शेवटची सकाळ उतरण्यात जाते, हाती एकच पूर्ण दिवस लागतो. त्याऐवजी सिंगापूर निवांत बघा आणि क्रूझ पुढच्या मोठ्या सुट्टीसाठी ठेवा.