आझुलेजूची टाइल की चमकणारी पाटी?

आमच्या गोव्यातल्या वाड्यावर बहुतेक घरांचा नंबर बाल्कांवजवळ (दारापुढच्या बैठकीच्या ओट्याजवळ), निळ्या-पांढऱ्या आझुलेजूवर, म्हणजे पोर्तुगीज धाटणीच्या रंगवलेल्या टाइलवर. देखणा खराच! पण घर रस्त्यापासून आत, मध्ये माड, आणि पावसाळ्यात वीज गेली की १०८ च्या ड्रायव्हरला तो दिसणार कसा? शिवाय वळणदार आकड्यांत १ आणि ७ सारखेच भासतात.

रिफ्लेक्टिव्ह पाटी दिसायला अगदीच रुक्ष, मैलाच्या दगडासारखी. मात्र तिला वीज लागत नाही. गाडीच्या दिव्यांचा उजेड ती ड्रायव्हरकडेच परत फेकते. आकडे ठळक, निदान ४ इंच उंच हवेत. पाटी फाटकाच्या खांबावरच लावावी; झापावर लावली तर फाटक उघडताच नंबर आत वळतो. वेल मात्र छाटत राहा.

मी टाइल काढलेली नाही. ती पाहुण्यांसाठी.