आर-हब आणि विन-बिल्डर: पॅकेजची तपासणी कुठे अडते हे दाखवणाऱ्या दोन सेवांचे परीक्षण

नमुना पाहणीतील माहितीवरून भारित सरासरी आणि तिची प्रमाण त्रुटी काढणारे एक लहान पॅकेज, म्हणजे इतरांनाही वापरता येईल असा फंक्शनांचा संच, मी आर या सांख्यिकीच्या संगणकभाषेत गेले काही महिने लिहीत आहे. त्यात उदाहरणासाठी महाराष्ट्रातील ३६ जिल्ह्यांची देवनागरी नावे असलेली एक सारणी जोडलेली आहे. माझ्या लिनक्स लॅपटॉपवर या पॅकेजची आरमधील ठरावीक तपासणी एकही एरर, वॉर्निंग किंवा नोट (तक्रारींच्या उतरत्या तीन पायऱ्या) न देता पूर्ण होत होती. तरीही क्रॅनकडे, म्हणजे आर पॅकेजांच्या मुख्य सार्वजनिक संग्रहाकडे, पाठवण्यापूर्वी ते इतर यंत्रांवर तपासून घेतले तेव्हा तपासणी चार ठिकाणी अडली, आणि चारही वेळा चूक माझ्याच कोडमध्ये किंवा माझ्याच दस्तऐवजात होती. त्या चुका ज्या दोन सेवांमुळे उघड झाल्या, त्या विन-बिल्डर आणि आर-हब या सेवांचे हे परीक्षण आहे. दोन्ही विनामूल्य आहेत, परंतु त्यांची कामे वेगळी आहेत, आणि एकीच्या जागी दुसरी वापरता येईल असे मला वाटत नाही.

विन-बिल्डर ही दोहोंतील जुनी आणि साधी सेवा; ती पॅकेज विंडोजवर तपासते. डॉर्टमुंड येथील तंत्रविद्यापीठातील उवे लिगेस ती चालवतात. पॅकेजची गठडी केलेली मूळ फाईल संकेतस्थळावरून चढवायची, किंवा आरमध्येच डेव्हटूल्स या पॅकेज बनवण्यास मदत करणाऱ्या पॅकेजमधील तयार फंक्शन वापरून पाठवायची; आरच्या मागील, चालू आणि विकसनशील अशा तीन आवृत्त्यांपैकी हवी ती निवडायची; आणि निकालाची वाट पाहायची. निकाल ईमेलने येतो, आणि तो पॅकेजची ओळख देणाऱ्या डिस्क्रिप्शन फाईलमध्ये देखभालकर्ता म्हणून ज्याचा पत्ता आहे त्यालाच येतो. सहकाऱ्याच्या पॅकेजची तपासणी आपण केली तर पत्र त्याच्याकडे जाईल, हे आधीच ध्यानात घ्यावे. पत्रातील दुव्यावर तपासणीचा पूर्ण लॉग, स्थापनेचा लॉग आणि विंडोजसाठी बांधलेले पॅकेज मिळते, पण ते साधारण ७२ तासांनी काढून टाकले जाते. म्हणून लॉग त्याच दिवशी स्वतःकडे उतरवून ठेवावा.

या सेवेचे खरे मोल असे की तिची तपासणी क्रॅनच्या स्वतःच्या तपासणीच्या फार जवळ जाते. आपण घरी जे वगळतो ते ती वगळत नाही. माझ्या पॅकेजच्या बाबतीत हे लगेच दिसून आले. लॅपटॉपवर डेव्हटूल्समधून तपासणी चालवली की पीडीएफ स्वरूपातील माहितीपुस्तिका बनवण्याची पायरी मुळात गाळलेली असते. कोड ठेवण्याच्या गिटहब या संकेतस्थळावर सर्रास वापरला जाणारा तयार कार्यप्रवाहही (आपोआप चालणाऱ्या पायऱ्यांची यादी) हीच पायरी गाळतो. त्यामुळे दोन्हीकडे सर्व काही ठीक दिसत होते. विन-बिल्डरच्या लॉगमध्ये मात्र पुस्तिका बनवताना लाटेक्स ही अक्षरजुळणीची प्रणाली अडल्याची वॉर्निंग आली. कारण असे होते की फंक्शनच्या मदतपानावर मी 'नंदुरबार' हे नाव देवनागरीत उदाहरण म्हणून लिहिले होते, आणि ज्या रीतीने आर ही पुस्तिका बनवते त्या रीतीत लाटेक्सला देवनागरी अक्षरांची ओळख नसते. मदतपानातील तेवढा भाग केवळ एचटीएमएल आवृत्तीत दिसेल अशी अट घातल्यावर अडचण सुटली. मराठी, हिंदी किंवा कोकणी मजकुराचे विश्लेषण करणारे पॅकेज लिहिणाऱ्या प्रत्येकाला ही अडचण आज ना उद्या येणारच, म्हणून ती येथे सविस्तर सांगितली.

देवनागरीशी निगडित आणखी दोन गोष्टी येथेच सांगतो. आर कोडच्या फाईलमध्ये थेट देवनागरी लिहिल्यास वॉर्निंग येते, कारण एका यंत्रावरून दुसऱ्यावर नेता येण्याजोग्या पॅकेजच्या कोडमध्ये केवळ आस्की अक्षरे (मूळ इंग्रजी अक्षरे, अंक व चिन्हे) असावीत असा नियम आहे. त्यावर उपाय म्हणजे प्रत्येक अक्षर युनिकोड क्रमांकाच्या रूपात लिहिणे. पॅकेजसोबतच्या सारणीत मात्र देवनागरी ठेवता येते. साध्या तपासणीत '३६ यूटीएफ-८ शब्द सापडले' अशा अर्थाची नोट दिसते, जिल्ह्यांची संख्याच जणू तपासणीने मोजून दिलेली. पण क्रॅनच्या धर्तीवर तपासणी करण्याचा पर्याय दिला की तीच नोट दाबली जाते. तिच्यासाठी नावे रोमन लिपीत बदलण्याची काहीही गरज नाही, आणि कुणी बदलूही नयेत.

विन-बिल्डरचा लॉग वाचताना नवख्या माणसाची एका ठिकाणी हमखास गफलत होते. चाचणी अपयशी ठरली की तपासणी त्या चाचणीच्या निर्गताच्या (आउटपुटच्या) केवळ शेवटच्या १३ ओळी छापते. अनेकदा मूळ कारण त्याच्या वर असते आणि या १३ ओळींत त्याचे परिणामच दिसतात. स्वतःच्या यंत्रावर ही मर्यादा एका पर्यावरण चलाने (एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलने) काढून टाकता येते, आणि विन-बिल्डरने दिलेल्या फोल्डरमध्ये उदाहरणांचे व चाचण्यांचे संपूर्ण निर्गत वेगळे ठेवलेले असते. ते उघडून वरून खाली वाचावे. या सेवेची मर्यादा एवढीच की तिच्याशी संवाद करता येत नाही: एक फाईल पाठवायची, एक पत्र मिळवायचे. दुरुस्ती बरोबर झाली का हे पाहण्यासाठी पुन्हा पूर्ण फेरी करावी लागते, आणि विंडोज यंत्र हाताशी नसलेल्या माणसाचा यात पुष्कळ वेळ जातो.

आर-हब या सेवेला २०१५ पासून आर कन्सॉर्शियमचा आधार आहे आणि तिच्या उभारणीत गाबोर चार्दी यांचा मोठा वाटा आहे. २०२४ मध्ये तिची रचना पूर्णपणे बदलली. पूर्वी पॅकेज आर-हबच्या सर्व्हरवर पाठवावे लागे. आता तपासणी आपल्याच गिटहब रिपॉझिटरीत (कोडच्या साठ्यात), गिटहबच्या यंत्रांवर चालते. जुन्या लेखांमध्ये आणि शिकवण्यांमध्ये सांगितलेली फंक्शने त्यामुळे कालबाह्य झाली आहेत, आणि ती वापरून अडलेले विद्यार्थी मी पाहिले आहेत. नव्या पद्धतीत आधी एका फंक्शनने कार्यप्रवाहाची फाईल रिपॉझिटरीत बसवायची, दुसऱ्याने परवानग्या नीट आहेत का हे पाहायचे, आणि तिसऱ्याने यादीतून हवी ती यंत्रणा निवडून तपासणी सुरू करायची.

ही यादीच आर-हबची खरी संपत्ती आहे. लिनक्स, विंडोज आणि मॅक तर आहेतच. शिवाय क्रॅन पॅकेज स्वीकारल्यानंतर ज्या विशेष परिस्थितींत ते तपासते, त्यांतील बऱ्याचशा येथे कंटेनरच्या, म्हणजे सर्व साधनांसह बंद केलेल्या तयार संगणकीय वातावरणाच्या, रूपात उपलब्ध आहेत. स्मृतीच्या चुका पकडणारे व्हॅलग्राइंड, सुचवलेली (असली तर वापरायची, पण अनिवार्य नसलेली) पॅकेजे नसताना काय होते हे पाहणारा कंटेनर, रेषीय बीजगणिताच्या वेगवेगळ्या ग्रंथालयांवर (तयार कोडच्या लायब्ररींवर) बांधलेली आर, आणि सांख्यिकीच्या माणसाने सर्वांत आधी चालवून पाहावा असा 'नो-एलडी', म्हणजे लाँग डबल (दशांश संख्या नेहमीच्या 'डबल'पेक्षा अधिक अचूकपणे साठवण्याचा प्रकार) नसलेली आर.

या शेवटच्या कंटेनरवर माझी एक चाचणी पडली. भारांची बेरीज बरोबर १ येते का, हे मी समानतेच्या चिन्हाने तपासले होते. आर बेरीज करताना शक्य असेल तेथे मधले आकडे लाँग डबलमध्ये ठेवते. इंटेल आणि एएमडीच्या नेहमीच्या प्रोसेसरांवर तो ८० बिटांचा असतो, त्यामुळे ०.१ ही संख्या दहा वेळा घेऊन बेरीज केली की उत्तर १ शी तंतोतंत जुळते. लाँग डबल नसेल तर प्रत्येक मिळवणीत थोडी त्रुटी साचते आणि उत्तर ०.९९९९९९९९९९९९९९९९ येते. ॲपलच्या नव्या चिपवर लाँग डबल हा साध्या डबलइतकाच असतो, म्हणून तेथेही हीच अवस्था होते. दुरुस्ती एका ओळीची होती: समानतेऐवजी ठरावीक सहनमर्यादेत तुलना करणे. पण सरासरी, विचरण आणि भार यांवर ज्यांचे सारे काम चालते, त्यांच्या पॅकेजमध्ये अशा किती तुलना विखुरलेल्या असतात हे पाहिले की या एका कंटेनरची किंमत कळते. मॅक विकत घेण्याची ऐपत नसलेल्या विद्यार्थ्याला मॅकवर होणारे या प्रकारचे अपयश आपल्या लिनक्सवरच पाहता येते, ही फार मोठी सोय आहे.

दुसरी चाचणी पडली ती प्रमुख घटक विश्लेषणाची, म्हणजे अनेक चलांचे सार थोड्या घटकांत काढणाऱ्या पद्धतीची. मी पहिल्या घटकाचे गुणांक जसेच्या तसे जपून ठेवले होते आणि नव्या निकालाची त्यांच्याशी तुलना करत होतो. इंटेलच्या एमकेएल ग्रंथालयावर बांधलेल्या आरमध्ये सर्व गुणांकांची चिन्हे उलट आली. ही गणनेतील चूक नव्हे. घटकाचे गुणांक ज्यातून येतात त्या आयगेन सदिशाची दिशा (धन की ऋण) मुळातच अनियंत्रित असते, आणि आरच्या मदतपानावरही ही चिन्हे आरच्या वेगवेगळ्या बांधण्यांमध्ये बदलू शकतात असे स्पष्ट लिहिलेले आहे. चुकीची होती ती माझी चाचणी. आता मी आधी सर्वांत मोठ्या गुणांकाचे चिन्ह धन करून घेतो आणि मगच तुलना करतो.

तिसरे अपयश सुचवलेल्या पॅकेजशिवाय तपासताना आले: आलेखाचे एक उदाहरण ग्राफिक्सचे पॅकेज असेलच असे गृहीत धरून लिहिलेले होते. ते पॅकेज उपलब्ध असल्याची अट घातल्यावर तेही मिटले.

आर-हबचे सर्वांत मोठे वैशिष्ट्य मला असे वाटते की ती अपयशाची नुसती बातमी देऊन थांबत नाही. लिनक्सवरील तिचे कंटेनर सर्वांसाठी खुले आहेत. कंटेनर चालवणारे डॉकर हे साधन असेल तर तोच कंटेनर आपल्या लॅपटॉपवर उघडून, त्याच आरमध्ये, तीच चाचणी ओळीओळीने चालवता येते. नो-एलडीची चूक मी अशीच शोधली आणि सुधारली. गिटहबवर पुन्हा पुन्हा बदल ढकलून वाट पाहावी लागली नाही. विंडोज आणि मॅक यांसाठी मात्र असे कंटेनर नाहीत. तेथे चाचणीत मधली मूल्ये छापून घेणे आणि पुन्हा तपासणी चालवणे हाच मार्ग उरतो.

एक इशारा अवश्य द्यायला हवा. ज्यांचे पॅकेज गिटहबवर नाही त्यांच्यासाठी आर कन्सॉर्शियमच्या यंत्रांवर तपासणीची सोय आहे, परंतु त्या मार्गाने पाठवलेले पॅकेज आणि त्याचे निकाल सार्वजनिक होतात. पाहणीतील कुटुंबांची मूळ माहिती, अप्रकाशित संशोधनाची सारणी किंवा विद्यार्थ्याचा प्रबंध ज्या पॅकेजमध्ये आहे, ते या मार्गाने कदापि पाठवू नये. अशा वेळी आधी तीच रचना असलेली कृत्रिम माहिती तयार करून मूळ माहिती तिने बदलावी आणि मगच पॅकेज पाठवावे.

माझ्या कामाचा क्रम आता ठरला आहे. रोजच्या बदलांसाठी गिटहबवरील नेहमीची तपासणी, आठवड्यातून एकदा आर-हबचे नो-एलडी, एमकेएल आणि सुचवलेली पॅकेजे नसलेला कंटेनर, आणि क्रॅनकडे पाठवण्याच्या आदल्या दिवशी विकसनशील आरवर विन-बिल्डर. पहिल्यांदा पाठवलेल्या पॅकेजला 'नवीन सादरीकरण' अशी नोट विन-बिल्डरवर येतेच. ती दिसली म्हणून कोडमध्ये काही शोधत बसू नये. त्या नोटेखाली शुद्धलेखनाच्या संशयित शब्दांची यादी असते, ती मात्र वाचावी. माझ्या यादीत काही आडनावे आणि तालुक्यांची नावे होती, ती बरोबर होती म्हणून तशीच ठेवली. त्याच यादीत माझा एक इंग्रजी शब्द खरोखरच चुकलेला निघाला.