कुरळ्या केसांच्या कुत्रीसाठी फिरती ग्रूमिंग व्हॅन: दोन भेटींनंतरचा अभिप्राय

आमची खारी ही शिट्झू आई आणि पूडल बाप यांची संकरित कुत्री असून तिचे वजन साडेसहा किलो आहे. रंग बेकरीतल्या खारीसारखा, म्हणून हे नाव. ऑगस्टअखेरीस आणि त्यानंतर सहा आठवड्यांनी अशी दोनदा मी कुत्र्यांची आंघोळ आणि केसकापणी दारात येऊन करणारी ही व्हॅन कोथरूडमधील आमच्या सोसायटीत बोलावली. लहान चणीच्या, पण दाट कुरळ्या केसांच्या कुत्र्यासाठी ही सेवा घ्यावी की नाही, एवढ्यापुरताच हा अभिप्राय आहे.

पहिल्या भेटीच्या वेळी खारी वरवर पाहता अगदी व्यवस्थित दिसत होती. आम्ही तिला रोज ब्रश करत होतो. तरीही ग्रूमरने तिला टेबलावर उभे करून स्टीलचा कंगवा काखेत घातला, तेव्हा तो पेरभरही आत गेला नाही. "काकू, तुमचा ब्रश वरूनच फिरतोय. खाली सगळा जट झालाय," असे तो म्हणाला. कानांमागे, काखांत आणि हार्नेसचा पट्टा घासतो त्या जागी केसांचे नमद्यासारखे थर बसले होते. अशा कुत्र्यांचे केस घरभर पडत नाहीत, हे पिल्लू देताना सगळे कौतुकाने सांगतात. मात्र गळलेला केस शेजारच्या वळणदार केसांतच अडकून राहतो, हे कोणी सांगत नाही. त्यात वर्षाच्या आसपास पिल्लाचे मऊ केस जाऊन मोठेपणीचे केस येऊ लागले की गुंता अधिक वेगाने होतो, आणि नेमका त्याच सुमारास पावसाळा लागल्याने फिरून आलेल्या खारीला आम्ही रोज टॉवेलने खसाखसा पुसत होतो. ओले कुरळे केस टॉवेलने चोळायचे नसतात, नुसते टिपायचे असतात, हे मला साठीला येऊन कळले.

या सेवेची सर्वांत मोठी जमेची बाजू म्हणजे ग्रूमरने आधी आंघोळ घालायला दिलेला नकार. यापूर्वी आम्ही जात होतो त्या पार्लरमध्ये आधी शाम्पू आणि मग ब्रश असाच क्रम असे. पाणी लागले की जट आणखी आवळतो आणि त्याच्या तळाशी राहिलेली ओल कातडीला त्रास देते. म्हणून येथे कोरड्या केसांवरच काम सुरू झाले. सुटण्याजोग्या गाठी त्याने मुळाशी चिमटीत धरून, म्हणजे कातडीला ओढ बसणार नाही अशा बेताने, टोकाकडून सोडवल्या. बाकीचे थर सोडवत बसणे म्हणजे तिचा छळ करणे होईल, तेव्हा केस सरसकट उतरवावे लागतील, असे त्याने स्पष्ट सांगितले आणि माझा होकार मिळाल्यावरच मशीन हातात घेतले. जटाला त्याने कात्री लावली नाही, कारण जटाबरोबर वर उचलली गेलेली कातडीची घडी दिसत नाही आणि कापली जाते. ब्लेडच्या क्रमांकांचा हिशोब उलटा असतो, क्रमांक मोठा तितके केस आखूड. पोटाखाली वापरलेले १० क्रमांकाचे ब्लेड सुमारे दीड मिलिमीटर केस ठेवते, तर अंगावर वापरलेले ७ क्रमांकाचे साधारण तीन मिलिमीटर. दर काही मिनिटांनी तो ब्लेड स्वतःच्या मनगटाला टेकवून पाहत होता आणि तापले असेल तर बदलत होता. एवढी काळजी मी तरी इतरत्र पाहिलेली नाही.

खारी व्हॅनमधून उतरली ती निम्मी होऊनच, आणि आमच्या नातीने "ही आपली नाही" असे जाहीर करून टाकले. फोटोत दिसतो तसा गोल टेडी बेअर कट ज्यांना हवा आहे, त्यांनी घरचा कंगवा आधी कातडीपर्यंत पोहोचतो का ते पाहावे. तो पोहोचत नसेल, तर कोणताही ग्रूमर तसा कट देऊ शकणार नाही.

आता तक्रारी. नोंदणीच्या अर्जात वजन आणि जात एवढेच विचारतात, आणि संकरित कुत्र्यासाठी "इतर" याखेरीज पर्याय नाही. दहा किलोपर्यंत दर १८०० रुपये, मग तो तुळतुळीत अंगाचा पग असो की आमची खारी. प्रत्यक्षात वेळ वजनाला लागत नाही, केसांना लागतो. पहिल्या भेटीला दोन तास वीस मिनिटे लागली आणि जट काढण्याचे ६०० रुपये वेगळे लावले गेले. रक्कम वाजवी होती, पण ती काम झाल्यावर सांगण्यात आली. नुसती जात विचारूनही भागणार नाही. कुत्र्यांच्या केसांची लांबी, कुरळेपणा आणि मिशा-भुवयांची झुपकेदार वाढ यांमागे प्रामुख्याने तीन जनुके असल्याचे २००९ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसून आले होते, आणि संकरात प्रत्येक पिल्लाच्या वाट्याला त्यांची वेगळी जुळणी येते. खारीच्या सख्ख्या भावाचे केस नुसते लाटदार आहेत. अर्जासोबत केसांचा एक फोटो मागवला, तर दर आणि वेळ दोन्ही आधीच ठरवता येतील.

दुसरी तक्रार कानांची. आतले केस न विचारता उपटले गेले आणि दोन दिवस कान लाल राहिले. कान निरोगी असताना केस उपटण्याची गरज नाही, असे आमच्या पशुवैद्यांनी सांगितले. दुसऱ्या भेटीत मी तसे आधीच बजावले आणि ते पाळले गेले.

त्या भेटीला दीड तास पुरला व जादा आकारही लागला नाही, कारण मधल्या काळात ग्रूमरने शिकवल्याप्रमाणे आम्ही केसांत भांग पाडून, एकेक पट्टा मुळापासून स्लिकर ब्रशने, म्हणजे बारीक वाकड्या तारांच्या ब्रशने, विंचरून शेवटी कंगवा फिरवत होतो. आंघोळीनंतर जोराच्या हवेच्या ड्रायरने केस मुळापर्यंत वाळवले. त्याचा आवाज फार मोठा आहे. कानांवर मऊ पट्टी बांधूनही खारी थरथरत होती, तेव्हा भित्र्या कुत्र्यांच्या मालकांनी आत सोबत थांबू देण्याची विनंती करावी. मला थांबू दिले.

अंगावरचे केस या खेपेला बोटाच्या रुंदीएवढे राखले आहेत. पंजे आणि कान मात्र मुद्दाम आखूड ठेवायला सांगितले, कारण वेताळ टेकडीवरचे गवत आता वाळू लागले आहे आणि त्याची कुसळे बोटांच्या बेचक्यांत शिरली की कुरळ्या केसांत ती सापडत नाहीत.